लग्नातली एक्स्प्रेसो, लेकीची एस्प्रेसो

गेल्या उन्हाळ्यात घाटनांदूरला आमच्या भावकीत लग्न होतं. मांडवाच्या कोपऱ्यात एक्स्प्रेसो कॉफीचं मशीन होतंच. मैत्रिणींनो, तुम्हीही ते पाहिलं असेल. फुस्स करून वाफ सुटते, दूध फेसाळतं आणि वर चिमूटभर चॉकलेट पावडर! कॉफी घेता घेता एका मावशींनी विचारलं, "लेक काय करायलीय पुण्यात?" मी पटकन म्हटलं, "कंपनीत आहे." वळून पाहते तर लेक मागेच उभी. काही न बोलता कप ठेवून ती निघून गेली.

माझी लेक हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि पुण्यात एका कॅफेत कॉफी बनवते. "एवढं शिकून चहा-कॉफीच करते व्हय?" हे ऐकायला नको, म्हणून मी खोटं बोलले होते.

दिवाळीनंतर पुण्याला गेले, तेव्हा तिचं काम बघायला गेले. "आई, काय घेणार?" मला एकच नाव ठाऊक. म्हटलं, "एक्स्प्रेसो." तिने बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा एवढासा कप पुढे ठेवला. दोन घोट, काळीभोर. "अगं, हा तर काढा!" ती खळखळून हसली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी अशी हसली.

मग तिने एकेक दाखवलं. एस्प्रेसो हे इटलीतलं नाव. बारीक दळलेली, दाबून बसवलेली कॉफी आणि तिच्यातून जोराने सोडलेलं गरम पाणी. शिट्टी होताना आपल्या कुकरमध्ये वाढतो, त्याच्या जवळपास नऊपट दाब! 25 ते 30 सेकंदांत जेमतेम 30 मिली अर्क उतरतो. दळण जाड झालं तर कॉफी पाणचट, फार बारीक झालं तर कडूजहर. आपल्या लग्नातल्या कॉफीत बहुधा तयार पावडर आणि वाफेवर फेसाळलेलं दूध असतं. नाव तेच, वस्तू वेगळी.

पुढची सगळी नावं या अर्कात काय आणि किती घातलं यावरून पडलेली. नुसतं गरम पाणी घातलं की अमेरिकानो. चमचाभर दुधाचा फेस टाकला की माकियातो, म्हणजे 'डाग पडलेली'. दूध आणि वर फेसाचा जाड थर म्हणजे कॅपुचिनो; कॅपुचिन साधूंच्या तपकिरी झग्यावरून हे नाव आलं. दूध भरपूर आणि फेस पातळ, ती लाते. इटालियनमध्ये लाते म्हणजे दूधच! लातेपेक्षा दूध कमी, फेस अगदी मऊ आणि बारीक, ती फ्लॅट व्हाइट; ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची. लातेत चॉकलेट मिसळलं की मोका.

मला नवल वाटलं ते दुधाचं. आपण दूध ऊतू जाईस्तोवर तापवतो. ती मात्र वाफेची नळी दुधात धरून 60 ते 65 अंशांवरच थांबते. "त्याच्यापुढं गेलं की दुधाची गोडी जाते, फेसही नीट राहत नाही," म्हणाली. भांड्याला तळहात लावूनच तिला कळतं. पुरणाचं यंत्र नव्हतं तेव्हा माझ्या सासूबाईंना बोटांवर पुरण कळायचं, तसंच. हात बसायला तिला कित्येक महिने लागले होते. आणि मी म्हणत होते, कंपनीत आहे!

तेव्हा शहरात मुलांकडे गेलात, तर मेनूकार्ड बघून बावरू नका. चहासारखी दुधाळ हवी तर लाते मागा, फेसाळ आणि थोडी कडक हवी तर कॅपुचिनो. लग्नातल्या एक्स्प्रेसोची हौस असेल तर त्याच कॅपुचिनोवर चॉकलेट पावडर भुरभुरून मागा. साखर बहुतेक वेळा आपली आपणच घालायची असते. आणि कळलं नाही तर सरळ विचारा. पलीकडे उभं असतं ते कुणाचं तरी लेकरूच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच मावशी आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "मावशी, तेव्हा मी खोटं सांगितलं. माझी लेक कॉफी बनवते. बसा, कशी बनवते ते सांगते."

रात्री फोनवर लेकीलाही हे सांगितलं. ती जरा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तुला लातेवर पान काढून देईन."