संख्याशास्त्र : निकालाआधीच मिटणारी दारे

अहिल्यानगर : ‘निकाल हाती येऊ द्या, मग पुढचे पाहू,’ असे म्हणणाऱ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्रात मात्र एक वर्ष गमवावे लागू शकते. कारण नामवंत संस्थांचे अर्ज निकालाच्या कित्येक महिने आधीच बंद होतात.

आयआयटी मुंबई व कानपूरसाठीच्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात. परीक्षा फेब्रुवारीत होते. तीन तासांत ६० प्रश्न व १०० गुण असतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची (स्थापना १९३१) एम.स्टॅट. प्रवेश परीक्षा साधारणतः मे महिन्यात असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा स्वतंत्र आहे.

औषध किती रुग्णांवर तपासावे, दिसलेला गुण औषधाचा की योगायोगाचा, हे जैवसंख्याशास्त्र ठरविते. या विषयाची एम.एस्सी. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्राच्या जोडीने करता येते. त्यासाठी ‘सीयूईटी-पीजी’ द्यावी लागते.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही हे अर्ज भरता येतात. त्यामुळे गणिताची उजळणी द्वितीय वर्षातच सुरू करणे हिताचे. तारखा दरवर्षी बदलत असल्याने त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पडताळून घ्याव्यात.