टेबलावरचा फोन ९.८ का दाखवतो?

फोन टेबलावर सपाट ठेवा, फायफॉक्स हे ॲप उघडा आणि गुरुत्वासहित त्वरण मोजणारा प्रयोग सुरू करा. पडद्यावर तीन दिशांचे तीन आलेख सरकू लागतात. दोन शून्याच्या आसपास राहतात आणि तिसरा ९.८ च्या जवळ जाऊन बसतो. जी वस्तू तसूभरही हललेली नाही, तिचे त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग! आता तोच फोन सव्वा मीटर उंचीवरून जाड गादीवर सोडा. साधारण अर्धा सेकंद तो हवेत असतो आणि तेवढ्या वेळात आलेख थेट शून्याजवळ येतो. पुस्तकात वाचलेले आठवले, तर पडणाऱ्या वस्तूला त्वरण असते आणि टेबलावरच्या वस्तूला नसते. फोन नेमके उलटे सांगतो.

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा आहे. त्यात मुक्त पतन येते, मुले g ची किंमत पाठ करतात आणि उदाहरणे सोडवतात. पण वर्गातल्या प्रत्येकाला कोड्यात टाकील असा प्रश्न त्या धड्याच्या वाट्याला क्वचितच येतो. तो प्रश्न आता खिशातल्या फोनमध्ये आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर आधी फोनच्या पोटात काय आहे ते पाहावे लागते.

फोनमधल्या त्वरणमापकात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा असतो, सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते समोरच्या स्थिर दात्यांमध्ये गुंतलेले असतात. ठोकळा किंचित सरकला की दात्यांमधले अंतर बदलते, त्यांची विद्युत धारिता बदलते आणि त्या बदलावरून आकडा मिळतो. म्हणजे फोन खरे तर स्प्रिंगवरचा ताण मोजतो. टेबल फोनला वर ढकलून धरते आणि ठोकळ्याला तोलून धरण्यासाठी स्प्रिंग ताणली जाते, म्हणून ९.८. पडताना फोन, स्प्रिंग आणि ठोकळा एकाच त्वरणाने खाली येतात, स्प्रिंगला ओढायला कोणी उरत नाही, म्हणून शून्य. वजनरहित अवस्था म्हणजे काय, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन शाळेच्या कपाटात नाही. अंतराळवीर तरंगतो, कारण तिथे गुरुत्व नसते, ही समजूत पदवीधरांतही आढळते. गादीवर पडलेल्या फोनचा आलेख नीट वाचला, की ती समजूत टिकत नाही.

फायफॉक्स तयार झाले जर्मनीतल्या आखेन शहरात, तिथल्या तंत्र विद्यापीठात. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमांना लागून असलेले हे शहर. क्रिस्टोफ श्टाम्पफर हे तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ग्राफीनवर संशोधन करणारे. त्यांच्या गटातले सेबास्टियन श्टाक्स या ॲपचे मुख्य शिल्पकार. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲप सर्वांसाठी खुले झाले. पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गांत प्रयोग मंचावर होतो आणि विद्यार्थी लांबून पाहतात. प्रत्येकाच्या हाती उपकरण देणे कोणत्याही विद्यापीठाला जड जाते. पण प्रत्येकाच्या हाती फोन होताच, आणि पडदा फिरवण्यासाठी, खेळांसाठी, नकाशावर दिशा दाखवण्यासाठी बसवलेले संवेदक त्यात आयते होते. ॲप मोफत आहे, त्याची संगणकीय संहिताही मुक्त परवान्याखाली कुणालाही पाहता येते, बदलता येते.

संवेदकांचे आकडे दाखवणारी ॲप त्याआधीही होती. आखेनच्या मंडळींनी दोन गोष्टींचा विचार केला आणि त्यामुळे त्यांचे काम वेगळे ठरले. पहिली अशी, की दोरीला टांगून झोके घेणाऱ्या फोनचा पडदा वाचणार कसा? त्यांनी फोनला जवळच्या संगणकाच्या ब्राउझरशी जोडायची सोय केली. दोन्ही यंत्रे एका वायफायवर असली, की फोन झोका घेत राहतो आणि आलेख संगणकावर, पर्यायाने प्रोजेक्टरच्या भिंतीवर, त्याच क्षणी उमटतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोजमापाबरोबर विश्लेषणही ॲपमध्येच होते. दोलकाचा आवर्तकाल आकडे उतरवून न काढता समोर येतो, आणि मूळ आकडेही वेगळ्या फाइलमध्ये काढून घेता येतात. एक मीटर लांबीच्या दोलकाला एका आवर्तनास जवळजवळ दोन सेकंद लागतात. दोरी पाव मीटर केली, की एक सेकंद. लांबी चौपट झाल्यावर काल दुप्पट का होतो, हे विचारायला मग शिक्षकाची गरज पडत नाही, मुलेच विचारतात.

मला सर्वांत आवडतो तो ध्वनीचा वेग मोजण्याचा प्रयोग. नववीला ध्वनीचा अभ्यास असतो, वेगाचा आकडा दिलेला असतो आणि मुले तो लिहून मोकळी होतात. फायफॉक्समध्ये आवाजाने चालू होणारे आणि आवाजानेच थांबणारे घड्याळ आहे. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे, प्रत्येकाजवळ एक मूल. पहिले मूल टाळी वाजवते. त्याच्या जवळचा फोन लगेच चालू होतो, पलीकडचा मात्र आवाज तिथे पोहोचल्यावर. थोड्या वेळाने दुसरे मूल टाळी वाजवते. आता पलीकडचा फोन लगेच थांबतो आणि अलीकडचा उशिरा. म्हणजे अलीकडचा फोन लवकर सुरू होऊन उशिरा थांबला. दोन्ही घड्याळांच्या आकड्यांतला फरक हा आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ. २५ अंश सेल्सिअस तापमानाला तो सुमारे ०.०२९ सेकंद येतो, आणि भागाकार केला की ३४६ मीटर प्रति सेकंदाच्या आसपासचा वेग. दोन घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नाहीत, तरी काम अडत नाही. दोन टाळ्यांमध्ये किती वेळ गेला याने उत्तर बदलत नाही. या युक्तीचे सौंदर्य कळायला कागदावर बाण काढून दहा मिनिटे बसावे लागते, आणि ती दहा मिनिटे हीच या प्रयोगाची खरी कमाई. अंतर दुप्पट करा, उन्हाळ्याच्या दुपारी आणि थंडीच्या पहाटे करून पाहा, आकडा हलतो का ते बघा.

आवाजावरच चालणारा आणखी एक प्रयोग चेंडूचा आहे. फरशीवर टप्पे खाणाऱ्या चेंडूचे ठोके फोन ऐकतो आणि लागोपाठच्या दोन ठोक्यांमधला वेळ मोजतो. तो वेळ ०.८ सेकंद असेल, तर चेंडू मधल्या काळात सुमारे ७८ सेंटिमीटर उंच गेला होता. फूटपट्टी घेऊन धावायला नको. दर टप्प्याला किती ऊर्जा उरली हे त्या उंचींवरून निघते. रबरी, टेनिसचा, कापडाचा असे चेंडू बदलून तुलना करायला गल्लीतली मुलेही पुरेत.

चुंबकमापकाचा प्रयोग मात्र महाराष्ट्रातल्या मुलांना थेट इतिहासात घेऊन जातो. आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या घरात असते. वर्गात मोजू गेले तर लोखंडी बाक, खिडकीचे गज, फोनच्याच स्पीकरमधले चुंबक यांनी आकडा भलतीकडे जातो. हाच धोका शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला होता. कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या, १८५९ च्या सप्टेंबरमधले प्रसिद्ध सौर वादळही तिथे नोंदले गेले. मुंबईत विजेवर ट्राम धावणार हे ठरले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आले. अलिबागची ती वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत चालू आहे. फोन घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेलेल्या मुलाला वेधशाळा मुंबईबाहेर का न्यावी लागली, हे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. त्यामागची तळमळ खरी आहे. पण प्रोजेक्टरवर बहुतेक वेळा चलचित्र लागते, आणि चलचित्रातला प्रयोग कधी फसत नाही. त्यात चेंडू ठरलेल्या उंचीलाच उसळतो, दोलकाला वारा लागत नाही. सूर्यमाला किंवा पेशीविभाजन दाखवायला चित्रफितीसारखे साधन नाही, हे मान्य. पण जे स्वतः मोजता येते, ते पडद्यावर दाखवून संपवणे हा मुलांवर अन्याय आहे असे मला ठामपणे वाटते. मोजलेल्या आकड्यात चूक असते, आणि ती का आली हे शोधताना मूल विज्ञान करू लागते.

म्हणूनच फायफॉक्सच्या तयार उत्तरांबद्दल थोडी सावधगिरी हवी. ॲप वेग काढून देते, उंची काढून देते, आणि घाईच्या तासाला तेवढ्यावरच थांबण्याचा मोह होतो. शिक्षकांनी आधी कच्चा आलेख दाखवावा, गणित मुलांकडून करून घ्यावे आणि ॲपचे उत्तर शेवटी उघडावे. अडचणीही आहेत. स्वस्त फोनमध्ये वायुदाबमापक बहुधा नसतो, काहींत चुंबकमापकही नसतो. कित्येक शाळांत मुलांना फोन आणू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण वर्गाला एक फोन पुरतो. सरांचा किंवा बाईंचा फोन आणि आधीच बसवलेला प्रोजेक्टर एवढ्यावर वर उल्लेखलेले बहुतेक प्रयोग होतात, ध्वनीच्या वेगाला तेवढा आणखी एक फोन मागून आणावा लागतो.

ॲपसोबत प्रयोग रचायचे साधनही ब्राउझरवर मिळते. कोणता संवेदक घ्यायचा, आकड्यांवर कोणती गणिती क्रिया करायची, कोणता आलेख दाखवायचा हे शिक्षक ठरवू शकतात, प्रयोगाचे नाव आणि सूचना मराठीत लिहू शकतात आणि क्यूआर कोडने तो प्रयोग दुसऱ्या शाळेला देऊ शकतात. सहलीसाठी एक प्रयोग तर तयारच आहे. वायुदाबमापक असलेला फोन घेऊन कर्जतहून लोणावळ्याच्या गाडीत बसायचे. कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात आणि गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक चढते. मीटरला सुमारे ०.११ हेक्टोपास्कल या हिशेबाने दाब ६० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. आलेखाच्या उतारावरून गाडी कुठे जोरात चढली, कुठे थांबली आणि बोगद्यात शिरताना दाबाला झटका बसला का, हे मुलांनी शोधायचे.