नगारखान्यात फाडलेला कागद

वर्गणी २५ रुपये होती. वडिलांनी ती दोन हप्त्यांत भरली आणि वर खाऊला म्हणून २ रुपये दिले. १९८४ सालचा डिसेंबर, मी सातवीत. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, म्हणून वाईतल्या आमच्यासारख्या पोरांना रायगड बघायला मिळाला.

पहाटे चारला लाल गाडी फाटकाशी लागली. आयांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट सुरू झाला आणि अर्धा वर्ग खिडक्यांना चिकटला. बाई एकेकाच्या हातावर आवळासुपारी ठेवत फिरल्या. पोलादपूर, महाड, मग पाचाड. जिजाऊंच्या समाधीपाशी रांगा लावून मोजणी झाली. अठ्ठावन्न.

पुढे चौदाशेहून अधिक पायऱ्या. हेडसर सर्वांत पुढे, शिपाईमामा शेवटी. एका वळणावर सर म्हणाले, "महादरवाजा शोधा." दोन बुरुजांच्या आड दडलेला तो दरवाजा अगदी अंगाशी जाईपर्यंत आम्हाला दिसला नाही. पेपरात उत्तर लिहिण्याआधी गडाची बांधणी अशी पायांना कळली.

वर एक मावशी मडक्यातलं ताक विकत होत्या. ते पिता पिता सरांनी हिरकणीची गोष्ट रंगवली, तर मावशी मध्येच म्हणाल्या, "गुर्जी, आमी तर रोजच उतरतो की." सरच आधी हसले.

मग राजसदर. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, त्या सिंहासनाच्या जागेजवळ आम्हाला उभं करून सर समोर सुमारे २०० फुटांवरच्या नगारखान्यात गेले आणि त्यांनी वहीचा कागद फाडला. आमचा कलकलाट चालू होता, काहीच ऐकू आलं नाही. बाईंनी डोळे वटारले. सरांनी दुसरा कागद फाडला. टर्र! जणू कानापाशीच.

मुक्काम महाडच्या एका शाळेत, सतरंजीवर. परतीला गाडी रात्री नऊला यायची ती एकला पोचली. गावात फोन मोजकेच होते. पोरं कुठे आहेत, हे दोन दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला त्याचीच मजा वाटली होती. आया मात्र शाळेच्या पायऱ्यांवर थंडीत बसून होत्या, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून 'आमच्या वेळी' असं म्हणताना जीभ अडखळते. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. आज पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, शिक्षकांच्या नेमून दिलेल्या जबाबदाऱ्या याचा कुणाला जाच वाटला, तरी त्यामागे अशी दुःखं आहेत.

गेल्या हिवाळ्यात पुतणी रायगडाला गेली. १९९६पासून तिथे रोपवे आहे. आम्हाला अडीच तास लागलेली चढण तिने चार-पाच मिनिटांत पार केली. पालकांच्या ग्रूपवर दर तासाला फोटो येत होते. नाश्ता झाला, गडावर पोचलो, जेवण झालं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत रायगड आहे, हेही तिला पाठ होतं. महादरवाजा तेवढा पाहायचा राहिला, कारण तो पायऱ्यांच्या वाटेवर.

ती घरी आली तेव्हा फोटो आम्ही आधीच पाहिलेले. आता ही काय सांगणार, असं मनात आलं.

"काका, त्या गाइडकाकांनी लांब तिकडे कागद फाडला ना, तो मला इकडे ऐकू आला," ती म्हणाली. "पहिल्यांदा नाही आला. सगळे गप्प बसलो, तेव्हा आला."