सशाचे घर

सशाचे घर कोठे असते, असे एखाद्या मुलाला विचारले तर ते चटकन सांगेल, "बिळात!" पुष्कळ मोठी माणसेही हेच उत्तर देतील. परंतु आपल्या महाराष्ट्राच्या माळावरचा ससा बीळ खणीत नाही. आणि बिळात राहणारा जो प्राणी, तो मुळात आपल्याकडचा नव्हे. मराठीत दोघांनाही आपण एकच नाव दिले आणि तेथूनच घोटाळा सुरू झाला. हा घोटाळा केवळ शब्दांचा असता तर आम्ही श्रोत्यांचा वेळ घेतला नसता. त्यापायी मुक्या जिवांचे प्राण जातात, म्हणून तो उलगडून सांगणे भाग आहे.

प्रथम आपला रानससा पाहू. रंगाने तपकिरी, मानेमागे काळसर डाग, कान व मागचे पाय लांब. गवताळ माळ, झुडपी रान आणि शेताचे बांध ही त्याची वस्ती. दिवसा तो गवतात अंगाने दाबून केलेल्या उथळ खळग्यात निपचित बसतो आणि अंधार पडला की चरावयास निघतो. तो बहुधा एकटाच असतो. संकट अगदी जवळ येईपर्यंत हलावयाचे नाही, आणि उठलो की वाऱ्यासारखे पळावयाचे, हेच त्याचे संरक्षण. उघड्यावर जन्मावयाचे, म्हणून त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. आई त्यांच्यापाशी बसून राहत नाही. थोडा वेळ येऊन दूध पाजते आणि निघून जाते. ती सतत जवळ राहिली तर कोल्ह्याला पिल्लांचा माग लागेल.

दुसरा प्राणी म्हणजे इंग्रजीतला 'रॅबिट'. आपण पिंजऱ्यात पाळतो तो पांढरा, काळा वा ठिपक्यांचा ससा याच जातीचा. त्याच्या रानटी पूर्वजांचे मूळ घर स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स. रोमन बादशहा हेड्रियनच्या नाण्यावर स्पेन देशाची मूर्ती आहे, तिच्या पायाशी ससा कोरलेला आहे. हा प्राणी मऊ जमिनीत एकमेकांना जोडलेली बिळे खणून वसाहत करून राहतो. त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. आई स्वतःच्या अंगाची लोकर उपटून त्यांच्यासाठी बिछाना करते. या दोघांची संतती एकमेकांपासून होत नाही, इतके ते वेगळे आहेत.

प्राण्याचे घर बदलले की काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियाने दिला. 1859 साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून 24 ससे मागविले आणि व्हिक्टोरिया प्रांतात आपल्या जमिनीवर ठेवले. अर्ध्या शतकात त्यांच्या प्रजेने खंडाचा मोठा भाग व्यापला, कुरणे फस्त केली. त्यांना अडविण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1907 पर्यंत 1800 किलोमीटरांहून लांब कुंपण घातले; तरी ससे पलीकडे गेलेच. हौस जमीनदाराची, भुर्दंड मात्र साऱ्या देशाला! उलट त्याच सशाची मायदेशी रोगराईने इतकी हानी झाली की 2019 साली तो धोक्यातील प्राण्यांच्या यादीत गेला. त्याच्यावर जगणारा तेथील लिंक्स हा रानमांजराच्या कुळातला प्राणीही त्यामुळे उपासमारीत सापडला.

आता आपल्या दाराशी येऊ. गवत कापताना एकटे पिल्लू दिसले की माणूस दयेने ते घरी आणतो. ते बहुधा पोरके नसते. त्याची आई संध्याकाळी येणार असते. माणसाच्या घरी अशी पिल्ले सहसा जगत नाहीत. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडणे गुन्हा आहे. याच्या उलट, पाळलेल्या सशाचा कंटाळा आला की काही लोक त्याला टेकडीवर सोडतात आणि त्याला स्वातंत्र्य दिले असे मानतात. पिंजऱ्यात वाढलेल्या त्या परदेशी जिवाला तेथे ना बीळ, ना ओळखीचा चारा. कुत्रीच त्याचा निकाल लावतात.

मग पाळलेल्या सशाला घर कसे द्यावे? कामगारांच्या खोल्या पाहताना आम्ही भाडे विचारण्याआधी वारा व उजेड पाहतो, तसेच येथे पाहावे. उन्हाळ्याच्या तापात त्याला उष्माघात होतो, म्हणून सावली व वारा हवा. तळाला नुसती तार नको, तिने पायांना जखमा होतात. फळी घालून वर वाळले गवत पसरावे. लपण्यासाठी अंधारी पेटी, कारण बिळाची भूक पिंजऱ्यातही जात नाही. रोज मोकळे धावावयास मिळावे. दात जन्मभर वाढतात, म्हणून गवत सतत समोर असावे. त्याला सोबतही लागते; मात्र दोन नर भांडतात, आणि नर-मादी ठेवल्यास महिन्याभरात पिल्ले होतात, म्हणून आधी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

एवढे करणे ज्याला शक्य नाही त्याने ससा आणू नये. आणि माळावरच्या सशासाठी काही करावयाचे असेल, तर बांधावरचे गवत व झुडपे जाळू नयेत. त्याचे घर तेवढेच आहे.