फळीपासून बोर्डिंगपर्यंत

एसटी स्टँडवर गाडी लागली की माणसं आधी बोर्ड वाचतात आणि मग जागा धरायला धावतात. घरात कोणी दहावीला असलं की ‘यंदा बोर्ड आहे’ एवढं सांगितलं तरी लग्नाचं आमंत्रण आणि सहलीचा बेत दोन्ही टळतात. भिंतीवर बटणं बसवतात तो बोर्ड, ज्यावर कॅरमच्या सोंगट्या फिरतात तोही बोर्ड, नाटकाच्या खिडकीवर ‘हाऊसफुल्ल’चा लागतो तोही बोर्डच. खेड्यात लाईट गेली तर आजही ‘बोर्डाच्या माणसाला’ फोन जातो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरणसारख्या कंपन्या निघाल्या, तरी लोकांच्या तोंडचा बोर्ड गेलेला नाही.

मुळात हा शब्द साध्या लाकडी फळीचा आहे. जुन्या इंग्रजीत ढालीलाही ‘बोर्ड’ म्हणत, कारण ढाल फळ्यांचीच असे. जहाजाच्या कडेलाही हाच शब्द होता. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्याचा ताऱ्याशी काही संबंध नाही. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. विमानतळावर हातात पडणारा बोर्डिंग पास याच जहाजी अर्थातून आला. आपल्याकडे संस्कृतातला ‘फलक’ पाहिला तर थक्क व्हायला होतं. त्याचा अर्थ फळी, लिहायची पाटी, खेळाचा पट असा आहे आणि ढाल असाही आहे. इतक्या दूरच्या दोन भाषांना लाकडाच्या सपाट तुकड्यात त्याच गोष्टी दिसल्या. शाळेतला ‘फळा’ही याच कुळातला.

फळीवरून शब्द पुढे सरकला तो जेवणाकडे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या घरांतही जेवणाचं मेज बहुधा कायमचं मांडलेलं नसे. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, पंगत उठली की काढून ठेवायच्या. त्यामुळे फळी म्हणजे मेज आणि मेज म्हणजे जेवण, असं होत गेलं. पैसे भरून रोज दुसऱ्याच्या मेजावर जेवणारा तो बोर्डर. आपल्या गावोगावच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाट्यांमध्ये हा अर्थ अजून शाबूत आहे: लॉजिंग म्हणजे निजायची सोय, बोर्डिंग म्हणजे जेवायची.

त्याच मेजाभोवती जेवणाऐवजी कारभाराला माणसं बसली, तेव्हा त्या माणसांनाच बोर्ड म्हणू लागले. या अर्थाचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर नजर ठेवायला १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं गेलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कंपनीच्या डोक्यावर हेच बोर्ड होतं. ते गेलं १८५८ मध्ये, कंपनीच्या राज्याबरोबर. पुढे इंग्रजी अमलात जिल्ह्या-तालुक्यांची लोकल बोर्डं आली. जुनी माणसं गावच्या शाळेला ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि तो शब्द मागे पडला. मराठीने बोर्डाला प्रतिशब्द निवडला तो ‘मंडळ’. इंग्रजीने मेजाकडे पाहून नाव दिलं, मराठीने त्याभोवती जमलेल्या माणसांच्या वर्तुळाकडे पाहून. मला मराठीची निवड अधिक आवडते.

पण या शब्दाला मराठी मुलखात जो सर्वांत मोठा अर्थ मिळाला, तो इंग्रजी कोशात सापडणार नाही. इंग्रजीत ‘बोर्डिंग स्कूल’ म्हटलं की प्रामुख्याने महागडी निवासी शाळा डोळ्यांसमोर येते. कोल्हापूर-साताऱ्याकडे नुसतं ‘बोर्डिंग’ म्हटलं की आठवतं ते गरीब घरातल्या पोराचं शिक्षण. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहू लागली: मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा काढून भागत नव्हतं. खेड्यातला मुलगा शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ‘बोर्डिंग’ या शब्दाच्या मूळ अर्थातच होतं.

कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे रयत शिक्षण संस्था काढल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि त्यात सर्व जातींची मुलं एकत्र ठेवली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. त्या काळात एकमेकांच्या हातचं पाणी न घेणाऱ्या घरांतली मुलं तिथे एका पंगतीला जेवत होती. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. ‘बोर्डिंग’ या शब्दातलं जेवण इतक्या किमतीने क्वचितच कोणी राखलं असेल.

त्याच सातारा जिल्ह्यात पाचगणी आहे. इंग्रजांच्या काळापासून तिथल्या निवासी शाळांत दूरदूरच्या सधन घरांतली मुलं येत आली आहेत. त्यांनाही बोर्डिंग स्कूल म्हणतात आणि इंग्रजी कोशाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. मात्र मराठी कोशात ‘बोर्डिंग’ची नोंद करताना पहिला अर्थ साताऱ्याच्या त्या वसतिगृहाचा यावा आणि पाचगणीचा त्याच्या खाली, असं माझं ठाम मत आहे. रयतच्या वसतिगृहांत शिकून कोणी शिक्षक झाले, कोणी अधिकारी. त्यांच्या घरी ‘आमचे आजोबा बोर्डिंगात शिकले’ हे वाक्य आजही अभिमानाने सांगितलं जातं.