कातीव कामाला पक्के पाय

कातीव चेहरा, कातीव खांब असं आपण कथा-कवितेत सहज लिहून जातो. पण कातीव म्हणजे मुळात लेथवर फिरणारं लाकूड पटाशीने कातून काढलेलं, आणि हे काम करणारा तो कातारी. गौलीगुड्यात माझ्या मामांचं छोटं सुतारकामाचं दुकान आहे. लाटणी, देव्हाऱ्याचे खांब, खाटेचे पाय ते लेथवर करतात. ठेंगण्या टेबलावर वाकून वाकून त्यांची कंबर धरायला लागली, तेव्हा नवा स्टँड करायचं ठरलं. मी सायन्सची, म्हणून मापं काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते.

जुना कातारी जमिनीवर बसून, एका हाताने धनुकली ओढत लाकूड फिरवायचा. चन्नपटण आणि एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी लेथवरच कातली जातात. बसून काम करणाऱ्याला वेगळा स्टँड लागत नाही, कारण खाली जमीन असते आणि ती डुगडुगत नाही. मोटर आली, कारागीर उभा राहिला. म्हणजे स्टँडचं काम एवढंच, की जमिनीचा भक्कमपणा कोपरापर्यंत वर आणायचा.

उंची आधी. कामाच्या चपला घालून ताठ उभं राहायचं, हात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. स्पिंडलचा मध्य साधारण तिथे यावा. मामांचं कोपर १०४ सेंमीवर. लेथच्या बुडापासून स्पिंडलचा मध्य २५ सेंमी. वजा केलं की स्टँड ७९ सेंमी. माणूस बदलला की माप बदलणार, त्यामुळे दुसऱ्याचं माप उतरवून घेऊ नये.

मग वजन. लाकडाचा ओबडधोबड तुकडा एका बाजूला जड असतो. समजा, मध्यापासून ५ सेंमीवर १०० ग्रॅम जास्त आहेत. मिनिटाला १००० फेऱ्यांना ते सुमारे साडेपाच किलोच्या जोराने ओढतात. २००० फेऱ्यांना तोच जोर बावीस किलोंवर जातो. वेग दुप्पट, तर जोर चौपट! आणि ही ओढ सेकंदाला ३३ वेळा दिशा फिरवते. हलका स्टँड मग फरशीवर चालायला लागतो.

म्हणून खालच्या फळीवर ६० × ३० × २० सेंमीची पेटी करून तीत कोरडी वाळू भरायची. सुमारे ५५ किलो वजन तळाशी बसतं, शिवाय वाळूचे कण एकमेकांवर घासून कंपनं जिरवतात.

जोर मुख्यतः पुढे-मागे आणि वर-खाली लागतो, म्हणून पाय पुढे-मागे फाकवायचे. मात्र उभं राहताना बोटं अडकता कामा नयेत. नुसती चौकट तिरकी होते, त्रिकोण होत नाही. त्यामुळे मागच्या आणि दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या हव्यातच. जुन्या घरांतली फरशी क्वचितच सपाट असते, म्हणून प्रत्येक पायाखाली खालीवर होणारा बोल्ट लावायचा आणि पाणसळ ठेवून लेव्हल जुळवायची. बेगमबाजार जवळच असल्याने नट-बोल्ट आम्ही पायीच जाऊन आणले.

शेवटचं, पण जिवाचं: मोटरचं बटण अशा जागी हवं, की फिरत्या लाकडावरून हात न नेता बंद करता येईल. नवा तुकडा नेहमी सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचा, गोल झाल्यावरच वेग वाढवायचा. स्टँड कितीही भक्कम असो, हा नियम सुटत नाही.