खाली दुकान, वर बिऱ्हाड

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या विक्रीकेंद्रात आग लागली. धूर जिन्यावाटे वरच्या हॉटेलात शिरला आणि ८ जणांचा अंत झाला. खाली दुकान व वर बिऱ्हाड ही तर आपल्या पेठांतील जुनीच रचना.

लिथियम बॅटरीतील दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा सुमारे १३० अंश सेल्सियसला वितळू लागतो. मग ध्रुव परस्परांस भिडतात, उष्णता आपोआप वाढत जाते आणि एक सेल शेजारच्या सेलला पेटवतो. ४५ अंशांपलीकडे चार्जिंग करणे बहुतेक उत्पादक वर्ज्य मानतात; वैशाखात पत्र्याखालचे गोदाम ती मर्यादा सहज गाठते. म्हणून उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत निवू द्यावी. चार्जिंग शेगडीजवळ नको आणि जिन्याखाली तर मुळीच नको, कारण संकटकाळी बाहेर पडण्याची वाट तीच. रोजमेळ मिळवून गल्ला बंद करताना चार्जरही काढावा. फुगलेली बॅटरी स्वस्तात दुरुस्त करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. इतका तोट्याचा सौदा दुसरा नसेल. तिला दाबू वा टोचू नये, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून विक्रेत्याकडे परत करावी.